डेअरीच्या भिंतीवरचा सरदार

हदगाव

आबा,
तुमच्या आणि आईच्या पाया पडतो.

फोनवर "नोकरी सोडली" एवढं ऐकलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून कार्ड टाकून राहिलो. हे आधी पोस्टमन वाचणार. मी अजून पुण्याला कंपनीत हाय असं तुम्ही त्याला सांगितलंय, तरी त्याला माझा नमस्कार.

इथं भिंती रंगवायचं काम लई हाय. गेल्या महिन्यात एका डेअरीवाल्यानं गाय काढायला सांगितली. हात आपोआप चालला आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी तुम्ही इकलेला आपला सरदार उभा राहिला. तसंच काळं तोंड, लोंबते कान.

डेअरीवाला म्हणला, "दूध काय हा बैल देणार? खाली कास काढ!"

मी म्हणलं, "मी देवणीचा हाय. बैलाला कास काढली तर आबा घरात घेणार न्हाईत."

शेवटी शेजारी गाय काढून दिली. तिचे पैसे न्हाईत, रोज लिटरभर दूध मिळतं. मी जाड झालोय, आईला सांगा. तिचा गुडघा कसा हाय?

पगाराएवढी कमाई न्हाई, आबा. पण सकाळी उठून कामाला पळावं वाटतं.

काल बाजाराला आलेला एक म्हातारा भिंतीपुढं थांबला. सरदारच्या वशिंडावरून हात फिरवला. सकाळीच पुन्हा रंग दिलेला, तो ओला होता, हात भरला, तरी इचारतो, "कुणाचा हाय? द्यायचा का?"

म्हणलं, "मालक देवणीला असतात. इचारून सांगतो."

आबा, या खेपेला न्हाई म्हणा.

तुमचा,
माउली