तुही इडापीडा मले लागो

३ ऑगस्ट २०२०
आली बुवा एकदाची! संग्रामपूरहून भावाच्या मोटरसायकलवर बसून कंबर पार ढिली झाली, पण नोकरी लागली. डायलिसिस सेंटरात स्वॅब घ्याचे. ताप नसो, खोकला नसो, पेशंट अन् स्टाफ सगळ्यायच्याच नाकात काडी फिरवाची. काऊन, तर ज्याले काही होत नाही तोच कोरोना गुपचूप वाटत फिरते. सेंटरमागं खोली भेटली. खिडकीत निंबाचं झाड. मस्त आहे.

६ ऑगस्ट
आज देऊळघाटच्या जनकाबाईचा स्वॅब घेतला. हप्त्यातून दोनदा मशीनवर असते म्हातारी. लक्षणं नसली तरी तपासा लागते म्हटलं, तर म्हणे, लक्षण नाही म्हणजे मी अवलक्षणी आहो का वं पोरी! सारे खो खो हसले. काडीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी माह्याच तोंडावरून हात फिरवाले आली. मास्कवरून दृष्ट निघत नाही म्हणे, तोंड दिसलं पाहिजे. घडीभर मास्क खाली केला. तिनं आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली अन् म्हणे, तुही इडापीडा मले लागो. आई गेल्यापासून असं कोणी केलं नव्हतं. लई रडली मी.

१० ऑगस्ट
सारे निगेटिव्ह! माहाच रिपोर्ट नाही, माह्या स्वॅबची नळी लॅबच्या रस्त्यात सांडली. संजीवनी सिस्टर म्हणे, पुढच्या फेरीत देजो, तुले काय धाड भरली. जनकाबाई आली की आता मी आपणहून मास्क खाली करते.

१७ ऑगस्ट
दुसऱ्या फेरीत जनकाबाई पॉझिटिव्ह. तिचा नातू गजेंद्र म्हणते, आजी घरातून निघते ते फक्त इथं याले. मग लागला कुठून? मी सगळ्यायवर ओरडली, मास्क कोणी काढला? जनकाबाईच्या बाजूच्या खुर्चीवरच्या पेशंट उकंडरावांनी माह्याकडं पाह्यलं अन् मान खाली घातली. याही फेरीत माहा स्वॅब राहूनच गेला होता, तो सिस्टरनं आज घेतला.

१९ ऑगस्ट
पॉझिटिव्ह. लक्षणं नाहीत.
दिव्याखालीच अंधार होता. अवलक्षणी मी आहो, आजी. सिस्टरनं माह्या खोलीले बाहेरून कडी लावली. जनकाबाईले दवाखान्यात ऑक्सिजन लावला म्हणतात. देवा, तिले वाचव, मले काहीही कर.

२४ ऑगस्ट
सिस्टरचा फोन. जनकाबाई गेली. प्लास्टिकात गुंडाळून नेली, गजेंद्रले तोंडही दिसू दिलं नाही. तोंड दिसलं पाहिजे म्हणायची ती.

२५ ऑगस्ट
भरदुपारी कड— कड— आवाज आला. निंबाची फांदी असंन म्हटलं. वारा नव्हता. पान हालत नव्हतं.

२६ ऑगस्ट
आवाज खोलीत आहे. गालावर हात फिरला. गार— मशीनवरून उतरल्यावर तिचे हात असायचे तसा. दोन मास्क लावून बसली मी. कानामागची दोरी कोणी ओढते— हळूच, मायेनं—

२७ ऑगस्ट
आजी, नको. एकडाव घेतली तेवढी पुरे झाली वं. माही पीडा माह्याजवळ राहू दे— हात जोडते— मास्क खाली आला, मी नाही केला— तिचे हात कानशिलांकडं चालले— थांब, तू म्हणू नको, या डाव मी म्हणते— आजी, तुही इडापीडा मले—