सहाशे किलोमीटर, पन्नास लिटर

ता. ४ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईने फोनवर तुम्हाला अर्धवट काहीतरी सांगितलं असेल, आणि न ऐकू आलेलं तुम्ही मनाने जुळवलं असेल. म्हणून नीट लिहिते.

परवा माझी गाडी दवाखान्यापासून छत्तीस किलोमीटरवर, भर रस्त्यात, डिझेल संपून उभी राहिली. काटा लाल रेषेवर टेकला होता, पण डॅशबोर्डवरचा पडदा म्हणत होता ॲव्हरेज अकरा. मी पडद्याचं ऐकलं. शेवटी खाणीच्या एका ट्रकवाल्याने साखळी लावून ओढत आणली. दातांची डॉक्टर साखळीला बांधून येतेय हे बघायला अख्खा बाजार दारात आला होता.

तुम्ही हसून घ्या, मग पुढचं वाचा.

माझा हा फिरता दवाखाना तीन ठिकाणी जातो: मेंढपाळांची वस्ती, लाकडाची गिरणी आणि शेवटी डोंगरमाथ्यावरची दगडखाण. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर, आणि मध्ये एकही पंप नाही. गाडीत ऑक्सिजनचं सिलिंडर असतं, त्यामुळे डिझेलचा कॅन सोबत न्यायला बंदी. टाकी साठ लिटरची. कंपनीच्या कागदावर ॲव्हरेज सोळा छापलंय, म्हणून आमच्या दवाखान्याच्या साहेबांनी हीच एसयूव्ही निवडली होती. आता तेच साहेब म्हणतात, खाणीचा थांबा बंद. मी भांडले, तेव्हा तीन फेऱ्यांची मुदत दिली. नोव्हेंबरच्या फेरीला टाकीत दहा लिटर शिल्लक ठेवून परत आले तर थांबा राहील, नाहीतर नाही.

खाणीच्या वजनकाट्यावर एक बाई बसते. सगळे तिला काटेवालीच म्हणतात. गेल्या फेरीत मी तिचे वरचे उरलेले चार दात काढले. ती तयार नव्हती, मीच तिला शब्द दिला की नोव्हेंबरात कवळी बसवून देईन. आता ती तोंडावर हात धरून बोलते आणि पाव पाण्यात भिजवून खाते. थांबा बंद झाला तर माझ्या शब्दाचं काय, ते तुम्हीच सांगा.

अडतीस वर्षं ट्रक चालवलात. मला मार्ग दाखवा.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, या वेळी त्यात थोडी अक्कलही घालून पाठवावी.

तुमची,
ठमी

ता. क. तुमची ती डावीकडची दाढ अजून ठणकते, असं मामी म्हणाल्या. खरं का?

---

ता. ९ सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. हसलो एकदाच, तेही साखळीपाशी.

आधी तो पडदा डोक्यातून काढ. तो तुला बरं वाटेल असं बोलतो. तू पाचशे चौसष्ट किलोमीटर गेलीस आणि साठ लिटर संपले, म्हणजे तुझी म्हैस साडेनऊसुद्धा देत नाही. नऊ पॉइंट चार. आणि कंपनीचे ते सोळा म्हणजे माझा लग्नातला फोटो. माणूस तोच, पण तसा तो रोज दिसत नाही. त्यांनी गाडी बंद खोलीत, जागच्या जागी फिरत्या रुळांवर पळवली. ना वारा, ना चढ, ना तुझी ती दातांची खुर्ची.

पुढच्या वेळेपासून मोजायचं ते टाकी ते टाकी. एकाच पंपावर, एकाच नळीने, खटका पडेपर्यंत भर. फेरी करून ये, तिथेच परत तसंच भर. जेवढं बसलं तेवढं खाल्लं.

तुला हवंय ते साधं आहे. सहाशे किलोमीटर, पन्नास लिटर. म्हणजे बारा. ते होईल. मी म्हणतोय ना, होईल.

चाकांतली हवा सकाळी, गाडी थंड असताना बघ. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो धर. टपावर कॅरिअर असेल तर उतरव. ते वाऱ्याला छाती दाखवत उभं असतं आणि त्याचं डिझेल तू भरतेस. एवढं या फेरीला. सगळं एकदम बदलू नकोस, नाहीतर कशाने फरक पडला ते कळायचं नाही.

आणि आता माझं खास. खाणीवरून उतरताना गाडी न्यूट्रलला टाक. इंजिन नुसतं गुणगुणत राहतं, गाडी आपोआप घरंगळते. एकवीस जणांना मी हात धरून ट्रक शिकवला, प्रत्येकाला हे दिलंय. आता तुला देतो.

दाढ उत्तम आहे. तुझ्या मामीच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

माया आहे तशीच आहे, मोजायला टाकी लागत नाही.

तुझा मामा

---

ता. २९ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दहा पॉइंट पाच! सत्तावन्न लिटर बसले. पडदा पुन्हा बारा-बारा म्हणत होता. मी त्यावर मास्क अडकवून ठेवला.

हवा सव्वीस निघाली मामा, आणि स्टिकरवर भरलेल्या गाडीला पस्तीस. इतके दिवस मी फुसक्या चाकांवर डोंगर चढत होते. कॅरिअर काढायला मात्र नाकी नऊ आले. त्यावर बाहेर लावायचा मंडप असायचा. आता तो रुग्णाच्या खुर्चीखाली कोंबलाय, त्यामुळे ती खुर्ची काढताना माझीच कंबर धरते.

साहेबांनी आकडा बघून फक्त हूं केलं. टाकीत तीन लिटर उरून आले, दहा नव्हेत.

काटेवालीच्या जबड्याचं दुसरं माप घेतलं. मी विचारलं, कवळी आल्यावर पहिलं काय खाणार? तिने तोंडावरचा हात न काढता सांगितलं, सफरचंद, न कापता.

एक गोष्ट विचारायची होती. तुमचं न्यूट्रल मी उतारभर केलं, अठ्ठावीस किलोमीटर. खाली पोचले तेव्हा चाकांतून करपल्याचा वास येत होता आणि ब्रेक पाय खोल जाईपर्यंत लागत नव्हता. तुमची ती घाटातली गोष्ट आठवली, ट्रकच्या चाकांतून धूर आला आणि तुम्ही बादल्या ओतून चाकं थंड केली ती. मी पण थांबून अर्धा तास वाट पाहिली. माझं काही चुकतंय का?

लोभ होता तेवढा असू द्या, वर एक उत्तर द्या.

ठमी

---

ता. ५ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं ब्रेक मारणं चुकतंय. पाय ठेवून बसत असशील. न्यूट्रलमध्ये काही खोट नाही. मी अडतीस वर्षं केलंय. पण चाकं तपासून घे, त्यात हयगय नको.

आता मला सांग, गाडी उभी असताना तू काय करतेस? हे मला आज दाढी करताना सुचलं. दात घासायचं तुझं ते यंत्र, त्याला हवा देणारा कॉम्प्रेसर, तो कशावर चालतो? इंजिन चालू ठेवून चालवत असशील तर उभ्या म्हशीला चारा घालतेस. तासन् तास डिझेल जातंय आणि किलोमीटर एकही नाही. प्रत्येक ठिकाणी विजेचं बटण कुठे आहे ते शोध.

दुसरं, वजन. काटेवाली बाई तुझी पेशंट आहे ना? मग गाडी तिच्या काट्यावर चढव की! इतका मोठा काटा फुकट हाताशी आहे आणि आपण अंदाजाने बोलतोय.

तुझा मामा

ता. क. मी मामी. दाढ ठणकते. काल त्यांनी भाकरी उजवीकडून खाल्ली, आज खाल्लीच नाही. मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही.

---

ता. २३ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अकरा पॉइंट चार. साडेबावन्न लिटर आणि वर थोडं.

तुमचं दोन्ही खरं निघालं. काटेवालीने गाडी काट्यावर घेतली आणि चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू चोरीचा माल पकडलाय. कागदावरच्या रिकाम्या वजनापेक्षा पावणेतीनशे किलो जास्त! त्यात शंभर किलो नुसतं पाणी. मी तिन्ही थांब्यांचं पाणी दवाखान्यातूनच भरून नेत होते, कारण आधीची डॉक्टर तसंच करायची. मेंढपाळांकडे विहीर, गिरणीत नळ, खाणीवर टाकी. मी कधी विचारलंच नव्हतं. आता वीस लिटर नेते आणि तिथे तिथे भरते, उकळून घेते.

कॉम्प्रेसरचंही तसंच. काटेवालीने तिच्या खोलीतून वायर ओढून दिली. मेंढपाळांनी शाळेतून दिली. गिरणीवाला कुरकुरला, तर त्याच्या बायकोने त्याच्या देखत बटण दाबलं.

आता जे लिहिते ते रागावू नका. तुमच्या न्यूट्रलचं मी मोजलं. पडद्यावर दर क्षणाला किती डिझेल जातंय ते दिसतं. अर्धा उतार न्यूट्रलमध्ये उतरले, इंजिन थोडं थोडं पीतच होतं. उरलेला तिसऱ्या गिअरमध्ये, पाय उचलून. आकडा शून्य. थेंब नाही. चाकंच इंजिनाला फिरवतात, म्हणून त्याला डिझेल लागत नाही. ब्रेकही जेमतेम चार वेळा लावला आणि वास आला नाही.

पडदा खोटं बोलतो हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून त्याच्यावर सगळं ठेवत नाही. पण वास तर खोटा नव्हता. पुढच्या फेरीला मी गिअरमध्येच उतरणार. तुम्ही नाही म्हणालात तरी.

लोभ कमी झाला तर कळवा.

ठमी

---

ता. ३० ऑक्टोबर

चि. ठमीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. मामी दाढ दाढ करत बसली. दाढ नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजवालीकडे गेलो. तिला म्हटलं, माझी भाची मला शहाणपण शिकवतेय, तिला खोटं पाडायचंय. तिच्याकडे तुझ्यासारखीच एक गाडी दुरुस्तीला होती. तिने त्यात तिचं यंत्र जोडलं, मला शेजारी बसवलं आणि नदीवरच्या पुलाच्या उतारावर नेलं. न्यूट्रल: पीत होती. गिअर, पाय वर: शून्य. मी म्हटलं पुन्हा कर. तिने सात वेळा केलं. आठव्यांदा म्हणाली, मामा, उतार तोच आहे, आकडाही तोच येणार.

मग मी तिला माझ्या जुन्या ट्रकचं विचारलं. ती म्हणाली, तसल्या इंजिनात घोटभर वाचतही असेल, पण भरल्या ट्रकला उतारावर न्यूट्रलमध्ये सोडणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर. जळणारच.

ठमे, ती बादल्यांची गोष्ट तू लहानपणापासून पन्नास वेळा ऐकली असशील. मी किती धीराचा होतो म्हणून सांगायचो. चाकं पेटली ती घाटामुळे नव्हे, माझ्यामुळे. हे इतक्या वर्षांत मला कुणी म्हणालं नाही, कारण मी कुणाला बोलू दिलं नाही. तू बोललीस. बरं केलंस.

आता शेवटच्या फेरीचं ऐक. तुझ्याकडे अडीच लिटर कमी आहेत, ते तुझ्या उजव्या पायात आहेत. सपाट रस्त्यावर तू किती पळवतेस? शंभर? ऐंशीवर ये. चौकोनी गाडी वारा फाडत जाते, आणि वेग थोडा वाढला की वारा फार वाढतो. एक तास जास्त लागेल, लवकर नीघ. पुढे वळण दिसलं की आधीच पाय उचल, शेवटच्या क्षणी ब्रेक मारलास तर जाळलेलं डिझेल चाकांत घासून टाकलंस. चढ मोठ्या गिअरमध्ये गुदमरत चढवू नकोस. आणि निघताना इंजिन तापवत उभी राहू नकोस, हळू चालव, ते चालता चालता तापतं.

जा आणि कवळी बसवून ये.

तुझा चुकलेला मामा

---

ता. १९ नोव्हेंबर

ती. मामांस आणि ती. मामींस,
सा. न. वि. वि.

एकोणपन्नास पॉइंट दोन लिटर! मामा, बारा पॉइंट दोन! पंपावर साहेब स्वतः आले होते. नळीचा खटका पडल्यावर त्यांनी ती परत दाबून पाहिली, जाईना. मग त्यांनी तिथेच बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं की खाणीचा थांबा कायम.

फेरी सोपी नव्हती. मेंढपाळांपर्यंत समोरून वारा होता आणि मी ऐंशीवर दात आवळून बसले होते. मागून ट्रक हॉर्न मारून पुढे जात होते. त्यातला एक तोच साखळीवाला. त्याने खिडकीतून मला साखळी दाखवली. मी हात केला आणि ऐंशीच ठेवली.

उतार सगळा तिसऱ्या गिअरमध्ये. खाली थांबून चाकापाशी नाक नेलं. नुसता धुळीचा वास.

काटेवालीला कवळी नीट बसली. तिने खणातून सफरचंद काढलं. बहुतेक सकाळपासून ठेवलं होतं. एवढा मोठा घास घेतला की मीच ओरडले, हळू! ती हसली. मामा, ती हसली तेव्हा हात मांडीवरच होता.

आता तुमच्या दाढेचं. पुढच्या फेरीला माझ्यासोबत या. खुर्ची आहे, वीज आहे, पाणी आहे.

लोभ, आता बाराच्या खाली आणू नका.

ठमी

---

ता. २४ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं आणि मी न ऐकल्याचं सोंग करून तीनदा वाचायला लावलं.

मी सध्या कामात आहे. ज्या एकवीस जणांना न्यूट्रल शिकवलं, त्यांना कार्डं लिहितोय. प्रत्येकाला तेच: उतारावर गाडी गिअरमध्ये ठेव, मी तुला चुकीचं सांगितलं होतं, पुढे कुणाला शिकवलं असशील तर त्यालाही सांग. एकोणीस गेली. एकाचं उत्तरही आलं, त्याने लिहिलंय की उस्ताद, मी कधीच न्यूट्रल केलं नाही, तुमच्यासमोर फक्त हो म्हणायचो. त्याला मी दुसरं कार्ड टाकलं, की मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस, गाढवा. दोघांचे पत्ते सापडत नाहीत. उद्या ट्रक अड्ड्यावर जाऊन विचारतो. सापडेपर्यंत सोडणार नाही.

पुढच्या फेरीला येतो. पण माझं वजन चौऱ्याऐंशी आहे, हिशेबात धर. जाताना तुझं ॲव्हरेज मी पाडीन. येताना दाढेपुरता हलका असेन.

लोभ आहे, आणि तो न्यूट्रलमध्ये नाही.

तुझा मामा

ता. क. मी मामी. मागच्या सीटवर मीही आहे. साठ किलो. काटेवालीसाठी चार सफरचंदं घेतली आहेत, त्यांचं वजन नंतर कळवते.