हाडांच्या डॉक्टरांबाहेरचा बाक

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून तुझं अक्षर सुधारलंय, हे वहिनीला सांग. तू पंचवीस वर्षं लेथच्या खडखडाटात काढलीस आणि कान घालवलेस, मी बारा वर्षं क्लबकडून पगारी व्हॉलीबॉल खेळले आणि गुडघे. आपलं घराणंच हौशी.

शाळेतलं काम छान चाललंय. मुली आता सर्व्हिस नेटपलीकडे टाकू लागल्या आहेत. एक माझ्याइतकीच उंच आहे, तिलाही सगळे जिराफ म्हणतात. डावा गुडघा जरा कुरकुरतो, पण त्याचं कोण ऐकतंय!

काळजी नसावी. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
जिराफ


११ फेब्रुवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या बहिणीला न सांगता लिहितो आहे. गेल्या आठवड्यात दुकानात तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या आणि तिची तब्येत विचारू लागल्या. तिने नोव्हेंबरातच राजीनामा दिला म्हणे. मुलींना उडी मारून दाखवताना गुडघा निसटला, मैदानात पडली. मुलींनीच उचलून खुर्चीत बसवलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा.

दादा, ती अजूनही रोज आठला शिट्टी गळ्यात अडकवून घराबाहेर पडते. परवा मी रजा टाकून मागोमाग गेलो. लाज वाटली, पण गेलो. ती सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर जाऊन बसली. केसपेपर काढला नाही. पाचपर्यंत नुसती बसून होती. तिथे सगळेच लंगडतात, कोणी कोणाला विचारत नाही.

परत आल्यावर कपाट पाहिलं. तिच्या जुन्या बुटांच्या पिशवीत दुखण्यावरच्या गोळ्या निघाल्या, दुखण्याला लागतील त्याहून कितीतरी जास्त. त्या मी हलवल्या आहेत. तिला कळलं असणार, पण ती बोलत नाही आणि विचारायची माझी छाती होत नाही. ती न्हाणीघरात पाच मिनिटं जास्त रेंगाळली तरी मी दारापाशी जाऊन उभा राहतो.

काय करू ते कळवा. कृपा आहेच, ती या घडीला जास्त हवी आहे.

आपला,
मेहुणा


१३ फेब्रुवारी

चि. जिराफ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भावोजींनी सगळं कळवलं. त्यांच्यावर चिडू नकोस. चिडायचंच तर माझ्यावर चीड, मला ऐकू येणार नाही.

कान गेले तेव्हा दोन वर्षं मी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. साहेब काही बोलले की हसून मान डोलवायची. एकदा ते त्यांचे वडील वारल्याचं सांगत होते आणि मी हसून मान डोलावली. त्यानंतर महिनाभर जेवणाच्या सुट्टीत मी शेडमागे एकटा बसायचो. शेवटी तुझ्या वहिनीने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

म्हणून सरळ विचारतो. तुला जीव नकोसा झाला आहे का? उत्तर 'हो' असलं तरी मी रागावणार नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतो. तोवर भावोजी घरीच थांबतील, तसं मी त्यांना कळवलं आहे.

तुझ्यावर जीव असलेला,
दादा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू चार दिवस राहिलास आणि मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू मुकाट्याने माझ्याबरोबर त्या बाकावर येऊन बसायचास. तिसऱ्या दिवशी माझ्या नावाचा केसपेपर तूच काढून आणलास, आणि नाव पुकारलं ते तुला ऐकू आलं नाही म्हणून मलाच उठावं लागलं.

गुडघ्यातली गादी पार झिजली आहे. डॉक्टर म्हणाल्या, वय अडतीस आणि गुडघा सत्तरीचा. जूनमध्ये शस्त्रक्रिया. मनाच्या डॉक्टरकडे दर मंगळवारी जायचं. पहिल्या दिवशी मी तिला तासभर सामनेच सांगितले. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, आता खेळ सोडल्यानंतरच्या चार वर्षांतलं काहीतरी सांगा. मला एकही गोष्ट आठवेना. तिथेच रडले.

सगळं सुरळीत आहे असं समजू नकोस. एक मंगळवार बुडवला. शेजारीण जिन्यात हात देते तेव्हा तो झटकावासा वाटतो. औषधं ह्यांच्या ताब्यात असतात, रोज मोजून देतात. त्याचा राग येतो. हे म्हणतात, येऊ दे.

तू पत्रात विचारलं होतंस, त्याचं उत्तर अजून दिलं नाही. तुझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि हे सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते. हो, झाला होता. तू इकडे यायला गाडीत बसलास त्या सकाळीसुद्धा. आज सकाळी नव्हता. उद्याचं माहीत नाही, पण तसं वाटलंच तर आधी ह्यांना सांगेन, असं कबूल केलं आहे. तुलाही ते लिहून देते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच माझ्या शेजारी येऊन बसत राहो.

तुझी धाकटी बहीण