छपरावरची काडी

गुरुवार, संध्याकाळ

आज सुमन पहिल्यांदा रेडिओवर बोलली, घरचं बियाणं कसं राखायचं यावर. रेडिओवाल्यांनी तिचा आवाज मागंच भरून नेला होता, लागणार होता आज. अन् नवरा असून मला ऐकू आली ती नुसती खरखर! गाडीतल्या रेडिओवर ऐकू म्हणून मुद्दाम तिला बसवून वारंगा फाट्याच्या अलीकडं चढावर नेलं. उंचावर स्टेशन बराबर लागतं, हे मीच ऐटीत सांगितलेलं. गाडी मागं घेतली, पुढं घेतली. काही न्हाई.

उतरून बघतो तर छपरावर एरियलची काडीच न्हाई. पुतण्याच्या लग्नात नवरदेवासाठी धाकट्या भावानं गाडी नेली होती. फुलांची जाळी बसेना म्हणून काढली असणार. परत काहून लावली न्हाई? निदान सांगायचं तरी!

कार्यक्रम संपला अन् त्याचाच फोन.

"दादा, वहिनी लय झकास बोलल्या! तुमच्या गाडीची काडी घरच्या रेडिओला जोडली ना, आवाज एकदम साफ येऊन राहिला."

त्या काडीवर त्यानं ऐकलं. माझ्या काडीवर.

फोन सुमननं घेतला. चढावर आल्यापासून ती आता पहिल्यांदा हसली, अन् तेही त्याच्यासंगं.