पुकारतील, बसा

३ सप्टेंबर

सॉल्ट फोर्क कौंटीने माझं स्वागत हिरव्या मिरचीच्या बरिटोने केलं. कार्यालयात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच एकीने तो हातात दिला, आणि तिखट झेपेल ना, अशी चौकशी तिने मी पहिला घास गिळल्यावर केली. डोळ्यांतलं पाणी सर्वांनी कृतज्ञतेचं मानलं.

उभी हयात वाहतूक न्यायालयात गेली. दिवा लाल होता की पिवळा, याहून गहन प्रश्न तिथे पडत नसे. आता मी कौंटी न्यायालयाच्या वारसा व मानसिक आरोग्य विभागाचा कामकाज व्यवस्थापक झालो आहे. न्याय द्यायचा तो न्यायाधीशांनी. तो योग्य खोलीत, वेळेवर आणि चालू मायक्रोफोनसमोर दिला जाईल एवढं मी पाहायचं.

विभागाची व्याप्ती थोर आहे. एका बाजूने मेलेल्यांची मृत्युपत्रं येतात. दुसऱ्या बाजूने जिवंत माणसं येतात, ज्यांच्याबद्दल कुणीतरी शपथेवर सांगितलेलं असतं की यांचं डोकं आता ठिकाणावर नाही. दोन्ही पक्षांसाठी कॉरिडॉरमध्ये एकच लाकडी बाक आहे. आज त्यावर तीन भावंडं बसली होती, वडिलांनी मारलेल्या सांबराच्या भुसा भरलेल्या मुंडक्यासाठी भांडत. मला इथे करमणार.

११ सप्टेंबर

आमचे बेलिफ डेल्बर्ट यॉस्ट हे पूर्वी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारत. प्रत्येक प्रकरणाला ते दार उघडून बाहेर येतात, छाती भरून घेतात आणि नाव तीनदा पुकारतात. ऐकणाऱ्याला कळत नाही, आत जावं की बोली लावावी. तीन पुकाऱ्यांना कुणी उठलं नाही तर गैरहजर, आणि हुकूम एकतर्फी. ही इथली जुनी रीत.

न्यायाधीश आर्चुलेटाबाई म्हणाल्या की डेल्बर्टच्या एका नावात त्यांची अर्धा कप कॉफी संपते. मृत्युपत्रांची रांग मात्र संपत नाही. माणसं मरण्यात जी तत्परता दाखवतात ती आम्हाला निकालात दाखवता येत नाही.

मी सुचवलं: बाकासमोर पडदा लावू, विमानतळावर असतो तसा. नाव झळकलं की ज्याने त्याने उठून आत यावं. डेल्बर्ट रुसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, करा की साहेब, घसा तरी वाचेल. पुकारण्यामागे काही थोर तत्त्व आहे का, असं मी विचारलं. तत्त्व कसलं डोंबलाचं, मला माझा आवाज आवडतो, म्हणाले.

१४ ऑक्टोबर

पडदा लागला. निळ्यावर पांढरी अक्षरं, सुबक. कॉरिडॉरमध्ये मठासारखी शांतता. शेजारच्या बिटर क्रीक कौंटीची माणसं पाहायला आली होती. त्यांनी सगळं टिपून घेतलं आणि तस्साच पडदा तिकडे लावणार असं सांगून गेली. मी नम्र दिसण्याचा प्रयत्न केला. जमला नसावा.

२३ ऑक्टोबर

सकाळी कॉफी घेऊन येत होतो. बाकावर जांभळी टोपी घातलेली एक वृद्ध बाई संत्रं सोलत बसली होती. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून असेल, तिने विचारलं, अहो, मॅकरी पुकारलं का हो? मधोमध काही दिसत नाही मला, कडा तेवढ्या दिसतात. तुमचे कान मात्र भारी आहेत.

मी हसलो. म्हटलं, पुकारतील, बसा.

तिने एक फोड दिली. गोड होती. मी खात खात आत गेलो.

संध्याकाळी कामकाज संपल्यावर डेल्बर्ट म्हणाले, साहेब, ती टोपीवाली अजून बसून आहे, घरदार नाही वाटतं तिला.

आता नाही. ओलेटा मॅकरी, आपल्या घरात एकटी राहणारी. भाच्याचा अर्ज होता की मावशीला आता काही कळत नाही, तिचं पालकत्व मला द्या. विरोध करायला ती स्वतः आली होती. नाव पडद्यावर झळकलं आणि विझलं. तिला नेमून दिलेला वकील व्हिडिओवरून म्हणाला, अशील आलेली दिसत नाही. हुकूम एकतर्फी. न्यायाधीशबाई आणि ती, मध्ये एक दार होतं.

खाली भाच्याची गाडी उभी होती. गाडीत बसताना ती मला म्हणाली, अजून पुकारलं नाही हो.

२४ ऑक्टोबर

आर्चुलेटाबाईंना सांगायचं. त्या लगेच नवी तारीख देतील. एक वाक्य पुरेल: ती हजर होती, मी पाहिलं.

पण मंगळवारी कौंटी मंडळापुढे माझा पडद्याचा अहवाल आहे. आज सांगितलं तर अहवाल गेला. चार दिवसांनी असं काय बिघडणार आहे? मंगळवार झाला की सांगतो.

२८ ऑक्टोबर

मंडळाने टाळ्या वाजवल्या. एका सभासदाने मला दूरदृष्टीचा माणूस म्हटलं. आर्चुलेटाबाई शेजारीच बसल्या होत्या. वाक्य तोंडात तयार होतं. त्यांनी पेकन पाय या गोड पदार्थाची बशी पुढे केली आणि मी तो खाल्ला.

६ नोव्हेंबर

भाच्याने तिला ठेवलंय त्या वृद्धाश्रमात फोन केला, नाव न सांगता. तिथली नर्स म्हणाली, तब्येतीने ठीक आहेत, पण रोज सकाळी टोपी घालून दाराशी जाऊन बसतात हो. जेवायला उठत नाहीत. म्हणतात, मी उठले आणि तेवढ्यात पुकारलं तर?

उद्या सांगतो. उद्या नक्की.

१७ नोव्हेंबर

वारले. म्हणजे ती वारली. वाक्यसुद्धा नीट लिहिता येत नाही.

आमच्याच विभागात तिचं मृत्युपत्र दाखल झालं. एका दाराने आली होती, दुसऱ्याने परत आली. पहिल्या दिवशी हे मी किती खुशीत लिहिलं होतं.

आता कुणाला सांगून काय उपयोग, हा विचार मनात आला आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची शरम मात्र जात नाही.

२५ नोव्हेंबर

कॉरिडॉरमध्ये संत्र्याचा वास येतो. सफाईवाल्यांना बाक पुसायला लावला. वास तसाच. डेल्बर्टना विचारलं. ते म्हणाले, मला तुमच्या कॉफीचा येतोय फक्त.

४ डिसेंबर

आज कागद वाचताना ओळीच्या मधोमध एक डाग. चष्मा पुसला. डाग कागदावर नव्हता. आर्चुलेटाबाईंचा चेहरा पाहिला तर कानांतले डूल दिसले, केस दिसले. चेहऱ्याच्या जागी करडं काहीतरी.

डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम आहे. तुमचं काम पाहता जरा विश्रांती घ्या, आणि हसला.

१२ डिसेंबर

बाक रिकामा असतो. सरळ पाहिलं तर रिकामाच. मान वळवली की डोळ्याच्या कडेला जांभळं काही— पुन्हा पाहावं तर नाही. हल्ली मला कडाच दिसतात. ती कडेलाच बसते.

डेल्बर्टना म्हटलं, तिचं नाव पुकारा. तुमच्या त्या आवाजात, तीनदा. एवढंच हवंय तिला. ते म्हणाले, साहेब, मेलेल्यांना नाही हो मी बोलावत. घरी जा तुम्ही.

मग मीच पुकारलं. तीनदा. लोक पाहू लागले. आवाज माझा फाटका. ती उठली नाही. मी पुकारून उपयोग नाही. तिला बसा म्हणालो तो मीच तर—

१५ डिसेंबर

आर्चुलेटाबाईंना सगळं सांगितलं. फोड, टोपी, मंगळवार, पेकन पाय. ती हजर होती, मी पाहिलं, आणि आजही बसली आहे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. समोर आणलेल्या माणसांचं ऐकतात, अगदी तसं. मग विचारलं, वेंडेल, झोप लागते का तुम्हाला?

३० डिसेंबर

बहीण आली आहे. कॉरीन. डबे भरून ठेवते आणि रडते. मी स्वयंपाकघरात खुर्ची दाराकडे करून बसतो ते तिला पाहवत नाही. सांगितलं, उठलो आणि तेवढ्यात—

ती म्हणाली, दादा, कोण बोलावणार आहे तुला?

९ जानेवारी

अर्ज. कॉरीनचा. माझ्याबद्दल, वेंडेल प्रुइटबद्दल, शपथेवर. मी तिच्यावर रागावत नाही. अर्ज बिनचूक आहे, चार महिन्यांत मी असे कितीतरी पाहिले.

माझं प्रकरण माझ्याच विभागात चालणार नाही, म्हणून बिटर क्रीकला. तिथे मी स्वतः सांगेन, ताठ उभा राहून, की वेडा नाही, अपराधी आहे. दोन्हींत फरक आहे. न्यायाधीशाला तो कळतो. फक्त समोर जाता आलं पाहि—

मधली अक्षरं दिसत नाहीत. बोटाने चाचपून लिहितो.

२२ जानेवारी

बिटर क्रीक. बाक तसाच. भिंतीवर माझा पडदा. निळ्या कडा दिसतात, मध्ये करडं—

कॉरीन आधी आत गेली. म्हणाली, तुझं नाव आलं की ये. तिला वाटतं मला दिसतं. डॉक्टरनेच सांगितलंय तसं.

शेजारी ती. टोपी आज मांडीवर. सोलते आहे. बोलत नाही. एक फोड माझ्या तळव्यावर ठेव—

दार उघडलं, मिटलं. आतून कॉरीनचा आवाज. माझंच नाव घेते आहे, पण हळू, रडताना घेतात तसं. त्याला पुकारा म्हणत नाहीत. उठू का? उठून दार कुठलं? कडांना दोन दारं. उठलो आणि तेवढ्यात—

गळ्यात ओळखपत्र घातलेला कुणी गेला. कॉफीचा वास. विचारलं, अहो, प्रुइट पुकारलं का? थांबला. वाकला. भला माणूस. आवाजात हसू होतं. म्हणाला, पुकारतील, बसा.

बसलो. ती सरकली, जागा केली. आता आम्ही दोघं कान देऊन—