सायलीवरून उतरवलेला फॉर्म

सोम. १२ जाने.
मानसशास्त्राच्या मॅडमनी फॉर्म वाटले. स्वतःबद्दल काय वाटतं, वीस वाक्यं, समोर खुणा. 'माझं म्हणणं लोक ऐकून घेतात.' हे काय विचारणं झालं! शेजारी सायली, वर्गात पहिली येणारी, कॉलेज आहे त्या महाडातलीच; माझ्यासारखी एसटीने येणारी नाही. तिचं बघून बाकावरच्या आम्ही तिघींनी भराभर खुणा केल्या. हाताला सवयच आहे. सुटले.

शुक्र. १६
मॅडम म्हणाल्या, "शेवटच्या बाकावरच्या चौघींना स्वतःबद्दल अगदी सारखंच वाटतं. कमाल आहे." वर्ग हसला. मीही. मग हळूच म्हणाल्या, "अगं, हा पेपर नव्हता." चौघींना कोरे फॉर्म. घरी एकटीने भरून सोमवारी द्यायचे.
स्टँडवर सायली म्हणाली, "माझं तरी कुठे खरं होतं? जे बरं दिसेल ते केलं." ही असं म्हणते, तर मग तिचं उतरवणाऱ्या आम्ही...
पोलादपूरच्या एसटीत फॉर्म काढला, परत ठेवला. गेल्या वर्षी वर्गात मी "माहीत नाय" म्हणाले तर मागून कुणीतरी माझ्या बोलण्याची नक्कल केली होती. तेव्हापासून उत्तर येत असलं तरी गप्प. चार ओळींत मावणारी गोष्ट, पण वर्ष गेलं त्यात.

शनि. १७
आई तांदूळ निवडत होती. "कसला कागद गो?" वाचून दाखवला. नक्कल केल्याचंही सांगितलं, पहिल्यांदाच. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मी पन तशीच बोलतंय. म्हनून मना पालकसभेला नेलं नायस?"
तेव्हा सभा रद्द झाली म्हणून सांगितलं होतं मी. तिला सगळं ठाऊक होतं तर.
फार लाज वाटली. या वेळी माझीच.

सोम. १९
रविवारी फॉर्म भरला. पाच-सहा ठिकाणी खोडाखोड. खरं लिहिलं. मॅडमनी तिथे वाचला नाही, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "बोलावंसं वाटलं तर ये." बरं वाटलं.
फळ्यावर नोटीस : शनिवारी पालकसभा.
घरी आल्या आल्या आईला सांगितलं. "येशील? माझ्या बाकावर बस. मॅडमशी बोल."
ती चुलीकडेच बघत म्हणाली, "बगू. वाल काढायचे हायत."
वालाच्या शेंगा अजून हिरव्या आहेत. तिलाही माहीत आहे, मलाही.
उद्या पुन्हा विचारणार.