सहा मोजेपर्यंत

४ मार्च
दवाखान्यातल्या व्यायामवाल्या पोरीनं आज उताणं निजवलं. गुडघ्यांखाली उशी, हात पोटावर. म्हणाली, "आजोबा, चार मोजेपर्यंत नाकानं श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत ओठांतून हळू सोडा. मेणबत्ती विझवायची नाही, नुसती हलवायची." माझी फुप्फुसं कामातून गेलेली, आणि मी मेणबत्त्या हलवू! यानं आजार जाणार नाही म्हणे — पण घाबरून जो दम लागतो, तो कमी होईल. रोज दुपारी वीस मिनिटं.

५ मार्च
घरी ही शेजारी बसून आकडे मोजते. सोडताना तीनवरच अडतो. छातीत धडधड. म्हटलं, मेलो गं! "मेला असतात तर एवढं बोलला नसतात."

८ मार्च
पोरीनं विचारलं, "आजोबा, काम काय करायचात?" दुकानांच्या पाट्या रंगवायचो. चाळीस वर्षं.
"लांब रेघ ओढताना श्वास?"
रोखायचो! हात हलला की रेघ बिघडली. टोकाला पोचेपर्यंत सोडायचाच नाही.
ती हसली नाही. म्हणाली, "मग आता हवेत रेघ ओढा, आणि ओढता ओढता सोडा." बोटानं ओढली. पाचपर्यंत गेलो! घरी आलो तेव्हा जिना चढताना ही तीनदा थांबली. मी एकदाच.

११ मार्च
हिचं काहीतरी बिनसलंय. "आजपासून तुमचे तुम्ही मोजा."
तुझ्या आवाजाशिवाय जमत नाही, म्हटलं.
"जमवा की! मी काय जन्माला पुरणार आहे?" आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली. घोटे सुजलेत. विचारलं तर म्हणे, उभं राहून राहून.

१२ मार्च
एकट्यानं मोजलं. दोन. घाम फुटला. हाका मारल्या, आली नाही. दाराआडच उभी होती — सावली दिसली मला! इतकी कठोर कधीपासून झाली? रागानं जेवलो नाही. ताट झाकून ठेवलंन.

१५ मार्च
एकट्यानं सहा!! एकदा नाही, ओळीनं दहा वेळा. धावतच — म्हणजे माझ्या मानानं — जाऊन हिला सांगितलं. रडायलाच लागली. एवढं काय रडायचं त्यात?

१८ मार्च
दवाखान्यात ही औषधांच्या रांगेत होती. पोरगी म्हणाली, "आजींचा जीव आता भांड्यात पडला असेल. सारखं म्हणायच्या — माझं हृदय किती दिवस साथ देईल ते डॉक्टरही सांगत नाहीत, त्याआधी यांना एकट्यानं जमू दे."
मी बघतच राहिलो. तिनं तोंडावर हात ठेवला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"
माहीत आहे, म्हटलं. खोटं.
घरी आलो. हिनं विचारलं, "काय म्हणाली पोरगी?" प्रगती आहे म्हणाली, असं सांगितलं. दोन आठवडे माझा एकेक श्वास लिहून ठेवतोय. हिच्या घोट्यांवर एकच ओळ — तीही मागच्या पानावर.

१९ मार्च
दुपारी उशी हिच्या गुडघ्यांखाली सरकवली. "अहो, हे काय भलतंच?" गप पड, म्हटलं. माझ्याकडे बघत राहिली. मग डोळे मिटले.
मी मोजलं. चारपर्यंत हिनं श्वास घेतला. सहापर्यंत सोडला. पुन्हा. पुन्हा. पोट वर येतंय ना, खाली जातंय ना — नजर हलवली नाही.
डोळे न उघडताच हिनं माझा हात दाबला.
"तुम्ही रोखून धरलाय," म्हणाली. "सोडा."